मधली पिन : स्वस्त फ्लॅशची दीडशे वर्षं

कुठल्याही ऑनलाइन दुकानात कॅमेऱ्याचा एक्स्टर्नल फ्लॅश शोधा. दोन वस्तू हमखास शेजारी शेजारी दिसतील. दोन्ही काळ्या, दोन्ही वीतभर उंचीच्या, दोन्हींना चार पेन्सिल सेल लागतात आणि दोन्हींच्या माहितीत 'गाइड नंबर ६०' असा एकच आकडा. एक पाच-सहा हजारांना, दुसरी त्याच्या सात-आठपट. पहिलीवर गोडॉक्स किंवा योंगनुओ असं नाव, दुसरीवर कॅमेऱ्याच्या कंपनीचं.

ऑफिसात 'कॅमेरेवाला' म्हणून माझी थोडी ख्याती असल्यामुळे हा प्रश्न माझ्याकडे वरचेवर येतो. व्यावसायिक मंडळी मिररलेसकडे वळल्यापासून जुने डीएसएलआर स्वस्तात मिळतात. कुणीतरी असा कॅमेरा घेतं, घरातले वाढदिवस काढतं, फोटो काळपट आणि हललेले येतात आणि मग विचारतं, "यातला कोणता घेऊ? एवढा फरक कशाचा आहे?"

यावर दोन तयार उत्तरं मिळतात. एक, "ओरिजिनलच घे, उगाच कॅमेरा जाळशील." दुसरं, "चायनाचा घे, आत सगळं तेच असतं." दोन्ही अर्धवट आहेत. दोन्हींतून निघणारा उजेड जवळजवळ सारखाच असतो, हे खरं. वरचे पैसे आपण दुसऱ्याच गोष्टीचे देतो. ती गोष्ट काय, हे फ्लॅशच्या इतिहासात डोकावलं की स्वच्छ दिसतं.

फोटोगणिक जळणारा पैसा

१८६१ मध्ये पॅरिसच्या नादार या फोटोग्राफरनं शहराखालच्या भुयारांत कॅमेरा नेला. तिथे लाखो माणसांच्या अस्थी रचून ठेवल्या आहेत. उजेडासाठी त्यानं विजेचे आर्क दिवे वापरले आणि त्यांच्यासाठी बॅटऱ्यांचं लटांबर सोबत वागवलं. एकेका फोटोला अठरा-अठरा मिनिटं लागत. इतका वेळ जिवंत माणूस स्तब्ध उभा राहणं शक्य नव्हतं, म्हणून फोटोत दिसणारे कामगार म्हणजे कपडे चढवलेले पुतळे आहेत.

तीनच वर्षांनी, १८६४ मध्ये, इंग्लंडमध्ये मॅग्नेशियमची तार विकत मिळू लागली. शाळेच्या प्रयोगशाळेत मॅग्नेशियमची फीत पेटवलेली आठवत असेल, तर तो डोळे दिपवणारा पांढरा उजेड आठवेल. मँचेस्टरच्या आल्फ्रेड ब्रदर्सनं त्याच वर्षी त्या उजेडात फोटो काढले. १८६५ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ या खगोलशास्त्रज्ञानं गिझाच्या मोठ्या पिरॅमिडच्या आत मॅग्नेशियम जाळलं. उजेड झाला, पण धूरही झाला. बंद जागेत दुसऱ्या फोटोआधी धूर विरण्याची वाट बघत बसावं लागे.

खरी उलथापालथ १८८७ मध्ये झाली. योहानेस गेडिके आणि अडोल्फ मीथे या जर्मन संशोधकांनी मॅग्नेशियमच्या भुकटीत पोटॅशियम क्लोरेट आणि अँटिमनी सल्फाइड मिसळलं. ही पावडर तारेसारखी सावकाश जळत नसे, एकदम भडका घेई. दिवाळीच्या शोभेच्या दारूची आणि तिची भावकी एकच. आता अंधारातला माणूस एका क्षणात पकडता येऊ लागला.

ही बातमी न्यूयॉर्कमध्ये जेकब रीस या पोलीस-वार्ताहरानं वाचली. स्थलांतरितांच्या कोंदट चाळींबद्दल तो वर्षानुवर्षं लिहीत होता, पण लिहून कुणाला फरक पडत नव्हता. आधी हौशी फोटोग्राफरांना सोबत घेऊन आणि मग स्वतः कॅमेरा शिकून तो रात्री त्या खोल्यांत शिरू लागला. सुरुवातीला पावडर पिस्तुलासारख्या यंत्रातून उडवायची असे. मध्यरात्री दारात पिस्तूल बघून लोक घाबरत, म्हणून त्यानं चक्क तळण्याचा तवा आणला आणि त्यावर पावडर पेटवू लागला. एकदा अंध भिकाऱ्यांच्या खोलीत भिंतीवरच्या चिंध्यांनी पेट घेतला. त्यानं कशीबशी आग विझवली आणि खाली येऊन पोलिसाला सांगितलं. पोलीस हसला. त्याचं म्हणणं असं, की ही इमारत गेल्या हिवाळ्यात सहा वेळा पेटली होती, पण भिंतींवर मळाचा थरच इतका, की आग आपोआप गुदमरते.

'हाउ द अदर हाफ लिव्ह्ज' हे रीसचं पुस्तक १८९० मध्ये आलं आणि गृहसुधारणेच्या चळवळीला त्यानं बळ दिलं. झोपेतून दचकून उठलेल्या, डोळे दिपलेल्या त्या माणसांना फोटो काढू का, असं विचारलं जात नव्हतं, हीही त्याच पुस्तकाची दुसरी बाजू. फ्लॅश हातात घेणाऱ्यानं ती आजही लक्षात ठेवावी.

१९३० च्या सुमारास फ्लॅशबल्ब आला. काचेच्या फुग्यात प्राणवायू आणि धातूची पातळ पत्री. बॅटरीचा करंट दिला, की आतल्या आत जळणार. धूर नाही, आगीची भीती नाही. पण एक बल्ब म्हणजे एकच फोटो. १९४६ मध्ये 'लाइफ' मासिकासाठी मार्गारेट बर्क-व्हाइट गांधीजींचा चरख्याजवळचा फोटो काढायला गेली. तिच्या आठवणींप्रमाणे आधी तिला सूत कातायला शिकावं लागलं आणि मग परवानगी मिळाली ती तीन बल्बांची. पहिले दोन प्रयत्न फसले. आज आपण पाहतो तो फोटो तिसऱ्या बल्बचा आहे. पुढे १९५० च्या दशकात ओ. विन्स्टन लिंक अमेरिकेतल्या वाफेच्या इंजिनांचे रात्रीचे फोटो काढताना एकेका फोटोसाठी चाळीसहून अधिक बल्ब तारांनी जोडून एकाच वेळी उडवत असे. फोटो बिघडला, तर सगळे बल्ब बदलून पुन्हा पुढच्या गाडीची वाट.

म्हणजे पहिली ऐंशी-नव्वद वर्षं फ्लॅशची किंमत ही सरळसरळ उजेडाची किंमत होती. चाप दाबला, की पैसे जळले.

एडगर्टनची नळी

हे गणित बदललं ते अमेरिकेत, एमआयटीमध्ये. हॅरोल्ड एडगर्टन हा इलेक्ट्रिकल इंजिनिअर. १९३० च्या आसपास तो विजेच्या मोटारींचा अभ्यास करत होता. फिरत्या मोटारीचे भाग डोळ्यांना दिसावेत, म्हणून त्याला अतिशय छोटे, पुन्हा पुन्हा होणारे लखलखाट हवे होते. त्यानं कपॅसिटरमध्ये वीज साठवली आणि ती वायूनं भरलेल्या नळीतून एका झटक्यात सोडली. काही जळलं नाही. नळी पुढच्या लखलखाटाला तयार.

दुधाच्या थेंबातून उठलेला मुकुट, सफरचंद फोडून बाहेर पडणारी गोळी, हे त्याचे फोटो आपण कुठे ना कुठे पाहिलेले असतात. त्याची मूळ रचना आजच्या प्रत्येक फ्लॅशमध्ये आहे, पाच हजारांच्याही आणि पन्नास हजारांच्याही. आकडेच मांडू. आत साधारण १४०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, ३३० व्होल्टला भरलेला. अर्धा गुणिले सी गुणिले व्ही-वर्ग, बारावीचं सूत्र. उत्तर ७६ ज्यूलच्या आसपास येतं. चार पेन्सिल सेलवर चालणाऱ्या मोठ्या फ्लॅशची धाव साधारण एवढीच. नाव कुठलंही असो, भौतिकशास्त्र बदलत नाही. (म्हणूनच बंद पडलेला फ्लॅश घरी उघडायचा नाही. सेल काढले, तरी कपॅसिटर भरलेला असू शकतो.)

मोबाइलवाल्यांसाठी एक खुलासा. फोनच्या पाठीवर लागतो त्याला आपण फ्लॅश म्हणतो, पण बहुतेक फोनांत तो छोटा एलईडी दिवा असतो. नोकिया ८०८ प्युअरव्ह्यू आणि ल्युमिया १०२० यांसारख्या काही फोनांत खरा झेनॉन फ्लॅश होता, पण कपॅसिटर जाडी खातो आणि फोन बारीक होत गेले. पुढे फोननं अंधाराचा प्रश्न सॉफ्टवेअरनं सोडवला. बरेच फोटो घ्यायचे आणि एकत्र करायचे. त्यानं आहे तो उजेड वाढतो, पण उजेड कुठून यावा, हे ठरवता येत नाही. बाजूच्या भिंतीवरून, छतावरून, मागून उजेड टाकण्याची सोय आजही वेगळा फ्लॅशच देतो.

पुरे झालं, हे कुणी सांगायचं?

१९६० च्या दशकात ट्रान्झिस्टरमुळे एडगर्टनची नळी खिशात मावू लागली. उजेडाचा प्रश्न संपला. उरला तो प्रमाणाचा. माणूस एक मीटरवर असेल तर किती उजेड, चार मीटरवर असेल तर किती? अंतर दुप्पट झालं, की उजेड चौपट लागतो. तोवर फोटोग्राफर हे गाइड नंबरवरून तोंडी काढत. गाइड नंबर भागिले मीटरमधलं अंतर म्हणजे अ‍ॅपर्चर. लग्नात नवरानवरी चालत येताना हा भागाकार करत बसणं कुणालाही नको असतं.

यावर पहिला तोडगा असा, की फ्लॅशलाच डोळा द्यायचा. पुढे एक सेन्सर. समोरून परतणारा उजेड पुरेसा झाला, की फ्लॅश स्वतःला तोडतो. थायरिस्टर आल्यावर उरलेली वीजही कपॅसिटरमध्ये वाचू लागली. सत्तरच्या दशकात आलेला व्हिव्हिटर २८३ असा होता आणि तो जगभर प्रचंड खपला. या पद्धतीत कॅमेऱ्याला काहीच कळावं लागत नाही. त्यानं फक्त सांगायचं, "आता!"

हे 'आता' सांगण्याची जागा म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावरची खोबण, हॉट शू. तिचा आकार लायका कॅमेऱ्यांवर जास्तीचा व्ह्यूफाइंडर वगैरे बसवण्यासाठी होता, तोच पुढे सगळ्यांनी घेतला आणि आयएसओनं त्याची मापं प्रमाण केली. मधोमध एक पिन, कडेला धातूची पट्टी. शटर पूर्ण उघडलं, की कॅमेरा या दोघांना जोडतो. दारावरची बेल वाजते तसा फ्लॅश उडतो. कुणाचाही कॅमेरा, कुणाचाही फ्लॅश. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर हा जगातला सगळ्यात छोटा ओपन एपीआय आहे. एकच कमांड, आणि ती सगळ्यांना माहीत.

पिनांचं राजकारण

१९७५ मध्ये ऑलिंपसचा ओएम-२ आला. त्यानं उजेड मोजायचं काम फ्लॅशकडून काढून कॅमेऱ्याच्या आत नेलं. लेन्समधून आत येऊन फिल्मवर पडलेला उजेड तो मोजायचा आणि पुरे झालं, की फ्लॅशला थांबवायचा. यालाच टीटीएल म्हणतात. कल्पना उत्तम होती, कारण आता फिल्टर लावा, छतावर उजेड उडवा, मोजमाप बरोबरच. पण 'आता' सोबत 'पुरे' सांगायला दुसरी पिन लागली.

इथून वाटा फुटल्या. मधली पिन सगळ्यांची सारखी राहिली, बाकीच्या पिना प्रत्येक कंपनीनं आपापल्या जागी आणि आपापल्या बोलीत बसवल्या. मिनोल्टानं तर १९८८ मध्ये खोबणीचा आकारच बदलला. तो वारसा सोनीकडे गेला आणि २०१२ मध्ये सोनीला पुन्हा प्रमाण आकाराकडे यावं लागलं. जर्मनीच्या मेट्झनं यावर शक्कल काढली होती. फ्लॅश एकच आणि कॅमेऱ्याप्रमाणे बदलायचा पायथ्याचा अडॅप्टर.

डिजिटल आल्यावर बोली आणखी गुंतागुंतीची झाली. फिल्मवरून उजेड जसा परावर्तित होई, तसा सेन्सरवरून होत नाही. म्हणून कॅमेरा आधी एक हलका लखलखाट सोडायला लावतो, तो मोजतो, हिशेब करतो आणि मग खरा. कॅननचं ई-टीटीएल, निकॉनचं आय-टीटीएल ही या डिजिटल संभाषणांची नावं. त्यांचे नियम सर्वांसाठी खुले नाहीत. दुसऱ्या कंपन्यांना ते तारांवर कान लावून, रिव्हर्स इंजिनिअरिंग करून उलगडावे लागतात.

सुरुवातीच्या सात-आठपट किमतीचं उत्तर इथे सापडतं. बांधणी, टिकाऊपणा, पावसापासून संरक्षण, सर्व्हिस सेंटर यांचे पैसे असतातच. पण मोठा भाग असतो तो कॅमेऱ्याची बोली जन्मजात येण्याचा. आपण मातृभाषेचे पैसे भरतो.

एका वार्ताहराचा हट्ट

मार्च २००६ मध्ये 'बाल्टिमोर सन' या वृत्तपत्राचा छायाचित्रकार डेव्हिड हॉबी यानं 'स्ट्रोबिस्ट' हा ब्लॉग सुरू केला. त्याचं सांगणं सोपं होतं. हे संभाषण सोडा. जुना, स्वस्त फ्लॅश घ्या, कॅमेऱ्यावरून उतरवा, स्टँडवर लावा आणि ताकद हातानं ठरवा. पूर्ण, अर्धी, पाव, एक-अष्टमांश.

हे वीस वर्षं आधी सांगितलं असतं, तर हौशी माणसाच्या उपयोगाचं नव्हतं. चूक कळायला फिल्म धुवून येईपर्यंत थांबावं लागलं असतं. आता कॅमेऱ्याच्या पाठीवर पडदा होता. फोटो काढा, बघा, उजेड जास्त वाटला तर एक पायरी खाली. दोन-तीन फोटोंत जमतं. टीटीएलचं अर्धं काम त्या पडद्यानं फुकट करून दिलं.

निकॉनचे जुने एसबी-२४, एसबी-२६ यांसारखे फ्लॅश लोक शोधू लागले. मग शेनझेनच्या योंगनुओनं २०१० मध्ये वायएन५६० काढला. त्यात टीटीएल नाही, बोली नाही. ताकद हातानं ठरवायची आणि पायथ्याशी एकच पिन. त्याच शहरातल्या गोडॉक्सनं पुढे टीटी६०० सारखे फ्लॅश काढले आणि आतच रेडिओ बसवला. निकॉननं आपल्या फ्लॅशमध्ये रेडिओ दिला तो थेट २०१६ मध्ये. योंगनुओ त्याच्या बरीच आधी स्वस्त फ्लॅशमध्ये तो देत होती. 'स्वस्त म्हणजे मागासलेला' हा समज इथे टिकत नाही. हे सगळं शक्य झालं ते मधली पिन अजून सगळ्यांची होती म्हणून.

पिन गेली

२०१९ मध्ये कॅननचा एक नवशिक्यांचा डीएसएलआर आला. भारतात त्याचं नाव २०० डी मार्क टू. हलका, छान, आपल्याकडे बराच दिसणारा. त्याच्या हॉट शूमध्ये मधली पिनच नाही. बाजूच्या पिना आहेत, म्हणजे कॅननची बोली येणारा फ्लॅश चालतो. पण एका पिनेवर चालणारा वायएन५६० किंवा टीटी६०० त्यावर लावला, की काहीच होत नाही. बिघडलेला म्हणून कुणी तो परत पाठवेल, पण फ्लॅश धडधाकट असतो. बेलचं बटणच काढून टाकलेलं असतं.

यात गंमत अशी, की हा फरक कंपनीच्या महागड्या कॅमेऱ्यांत नव्हता. पिन गेली ती ज्याला सर्वांत स्वस्त फ्लॅश हवा असतो, त्याच ग्राहकाच्या कॅमेऱ्यातून. नंतरच्या आर५० या मिररलेसमध्ये तर खोबणीतल्या जुन्या पिनाच नाहीत. कॅननचेच जुने फ्लॅश लावायला वेगळा अडॅप्टर घ्यावा लागतो.

कंपनीनं बेकायदेशीर काही केलेलं नाही. पण सगळ्यांचं म्हणून आपण जे गृहीत धरतो, ते कुणाच्या तरी मर्जीवर उभं असतं, एवढं यातून दिसतं. सॉफ्टवेअरमध्ये हे आम्ही रोज बघतो. फुकट असलेला एपीआय एका सकाळी बंद होतो आणि त्यावर उभी असलेली शंभर छोटी अ‍ॅप्स कोसळतात.

मग घ्यायचा कोणता?

सगळ्यात आधी कॅमेऱ्याच्या डोक्यावरचं प्लास्टिकचं झाकण सरकवा आणि बघा, मधोमध गोल पिन आहे का. असेल, तर सगळा बाजार आपला. नसेल, तर आपल्या कॅमेऱ्याची बोली येणारा टीटीएल फ्लॅशच बघा. तोही गोडॉक्स वगैरेंकडे मूळ कंपनीपेक्षा बराच स्वस्त मिळतो. घेण्याआधी आपलं मॉडेल त्यांच्या यादीत आहे का, ते तपासा. सोनीचा कॅमेरा असेल, तर सोनीसाठीचाच प्रकार घ्या.

मग काय काढणार, ते ठरवा. जेवणाची ताटं, विकायच्या वस्तू, बसलेल्या माणसाचं पोर्ट्रेट, म्हणजे जिथे अंतर बदलत नाही, तिथे हातानं ताकद ठरवायचा फ्लॅश पुरतो आणि शिकवतोही जास्त. हळदीत, वरातीत, धावत्या पोरांच्या मागे टीटीएलचे जादा पैसे वसूल होतात.

गाइड नंबरच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. ६० हा आकडा २०० मिलिमीटर झूमवर, उजेड एका अरुंद झोतात गोळा करून मोजलेला असतो. ३५ मिलिमीटरवरचा आकडा बघा. तो बहुतेकांचा ३५ ते ४० च्या आसपास येतो. म्हणजे ३६ असेल, तर एफ/४ ला, आयएसओ १०० वर, सरळ टाकलेला उजेड नऊ मीटर पोहोचतो. घरातल्या खोलीला हे भरपूर आहे. त्यापेक्षा डोकं वर आणि बाजूला वळतं का, हे महत्त्वाचं. पांढऱ्या छतावरून उडवलेला उजेड चेहऱ्यावर मऊ पडतो आणि त्यासाठी वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही.

मुंबईत फोर्टातल्या बोरा बाजारात किंवा ऑनलाइन जुना फ्लॅश मिळत असेल, तर त्याचा ट्रिगर व्होल्टेज विचारा. व्हिव्हिटर २८३ च्या काळातल्या काही नगांच्या पिनेवर दोनशेहून अधिक व्होल्ट असतात. फिल्म कॅमेऱ्याच्या धातूच्या संपर्कांना त्याचं काही वाटत नसे. आजचं आयएसओ प्रमाण २४ व्होल्टचं आहे. मल्टिमीटर मध्ये पिनेला आणि कडेच्या पट्टीला लावून, फ्लॅश पूर्ण चार्ज करून मोजता येतो. "कॅमेरा जाळशील" हा सल्ला मूळचा इथला. नव्या स्वस्त फ्लॅशला तो उगाच चिकटला आहे.

शेवटी, वाचलेल्या पैशांतून चार चांगले निकेल-मेटल हायड्राइड रिचार्जेबल सेल आणि चार्जर घ्या. साधे सेल पूर्ण ताकदीच्या फ्लॅशला लवकर दमतात. अजून थोडे उरले, तर एक रेडिओ ट्रिगर घ्या आणि फ्लॅश कॅमेऱ्यावरून उतरवून दोन हात बाजूला ठेवून बघा. मधली पिन असेल, तर ट्रिगर कुठलाही चालेल. नसेल, तर तोही आपल्या कॅमेऱ्याची बोली येणारा हवा.